तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : थोडं दिसतं, त्याचं काय करायचं?

मागच्या महिन्यात अंधांच्या पांढऱ्या काठीबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, खरंतर जागा भरायला लिहिले होते, आणि त्याच्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले पूर्ण पान घ्या. बावीस वर्षं जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत फिरती शिक्षिका म्हणून अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांना शिकवलंय, त्यामुळे माहिती आहे तेवढं सांगते. सगळ्या पत्रांत एक वाक्य सारखं आलंय, "डॉक्टर म्हणाले आता काही होणार नाही." डॉक्टरांचं म्हणणं औषधापुरतं असतं. तुम्ही ते पूर्ण माणसाला लावून मोकळे होता, ही माझी पहिली तक्रार.

प्रश्न : ताई, वडील ५८ वर्षांचे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यात जमा. केळीची बाग आहे आमची रावेर तालुक्यात. आधी दिवसभर शेतात असायचे, आता आठ महिने झाले ओट्यावर खाट टाकून बसून आहेत, कोणी बोललं की चिडतात, "मले काही दिसत नही, मले कायले इचारता" म्हणतात. सरकारी काही सोय असते का? कुठे न्यायचं?
– एक मुलगा, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, सरकारी सोयीचं सांगते पण आधी तुझंच सांगते. तू स्वतः डोळ्यांचं प्रेशर तपासलंस का? काचबिंदू घराण्यात चालतो, सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका जास्त असतो, आणि तो दुखत नाही, खुपत नाही, आधी बाजूचं दिसणं गुपचूप खाऊन टाकतो. गेलेली नजर परत येत नाही पण उरलेली थेंबाने टिकते. त्यामुळे वडिलांचे थेंबही "आता काय उपयोग" म्हणून बंद करू नका, उजेड-अंधार कळत असेल तर तो सुद्धा टिकवण्यासारखा आहे. या आठवड्यात तू, तुझी बहीण, काका सगळे तपासून या.

आता कागद. पहिलं काम दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, सेतूवाल्याकडून भरून घेतलास तरी चालतं, आधार आणि फोटो लागतो, मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणी. कार्ड फुकट मिळतं, कोणी एजंट दोन हजार मागत असेल तर त्याला चहा सुद्धा पाजू नको. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असलं की बहुतेक सवलती सुरू होतात. कार्डाचा रंग बघ, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. घरचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत असेल तर तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो, दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये महिना दीड हजारावरून अडीच हजार झाली. बागायतदार असाल तर उत्पन्नाचा दाखला आडवा येईल, ते तुमचं तुम्ही बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो कुठे जातो हे ग्रामसभेत उभं राहून विचारायला पैसे लागत नाहीत.

पण कार्ड खिशात आलं म्हणून माणूस खाटेवरून उठत नाही. मी एका गृहस्थांना असंच उठवलंय, तेही केळीवाले, यावलकडचे. पहिल्या दिवशी काठी नेलीच नाही. त्यांना म्हटलं, बाबा, कांदेबाग आहे की मृगबाग (म्हणजे केळीची लागवड कोणत्या हंगामातली)? बस, एवढं विचारलं, अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं एक घड आणून त्यांच्या मांडीवर ठेव. त्यांनी फणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा आठ दिवस आधी कापला रे, धारा मोडल्या नाहीत अजून." केळीच्या कडा बोटाला लागल्या की माल कच्चा, गोल झाल्या की भरला, हे त्यांचं बोट तीस वर्षं करत होतं, डोळ्याला फक्त श्रेय मिळत होतं. त्यानंतर कापणीच्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस आला की ते खुर्ची टाकून बांधावर असायचे.

मग चालणं. तुम्ही वडिलांचा दंड धरून ढकलत नेत असणार, सगळेच नेतात, आणि माणूस त्यानेच घाबरतो कारण पुढे काय आहे ते तुम्हाला माहिती पण पाऊल त्याचं आधी पडतं. उलटं करायचं. त्यांनी तुमचं कोपर धरायचं, कोपराच्या जरा वर, आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. तुम्ही पायरी उतरलात की तुमचं कोपर खाली जातं, त्यांना न बोलता कळतं. दाराच्या चिंचोळ्या जागेत हात पाठीमागे घ्या, ते आपोआप तुमच्या मागे येतात. दोन दिवसांत जमतं.

काठी नंतर. लांबी जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत हवी, त्याच्यापेक्षा आखूड काठी खड्डा सांगते तेव्हा पाय खड्ड्यात गेलेला असतो. उजवं पाऊल पुढे तेव्हा टोक डावीकडे, डावं पुढे तेव्हा टोक उजवीकडे, खांद्याएवढी रुंदी झाडायची. घर ते मळा रस्ता आधी तुमच्या सोबत पंधरा-वीस वेळा. खुणा ठरवा, पिठाच्या चक्कीचा आवाज, मारुतीच्या पारावरची घंटा, उकिरड्याचा वास (हो, वासही कामाचा असतो), विजेच्या डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) घुमघुम. बागेच्या आत मात्र काठी ठिबकच्या नळ्यांत अडकते, तिथे एका कडेच्या ओळीला खांबाखांबाने दोरी बांधून द्या, दोरीला हात लावून शेवटच्या झाडापर्यंत जातील.

आणि पैसे त्यांच्या हातात ठेवा! पाकीट काढून घेतलं की माणूस संपतो. शंभरच्या नव्या नोटेवर बोटाला उठावाचा त्रिकोण लागतो, पाचशेवर गोल, आणि दोन्ही कडांना तिरक्या रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोळे. नोट जुनी मळकी झाली की उठाव लागत नाही हे खरंय, मग लांबी, शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०, चार-चार मिलिमीटरचाच फरक आहे पण बोटं शिकतात. दहा, वीस, पन्नासला उठाव नाहीच, त्यासाठी घडीची पद्धत, दहाची सरळ, वीसची आडवी घडी, पन्नासची उभी. वीसचं नाणं बाराकोनी आहे ते लगेच कळतं. रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अॅप २०२० पासून आहे, मोबाईलसमोर नोट धरली की बोलून सांगतं, नेट लागत नाही, फक्त नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांची, शिरपूरची. डोळ्यांचा आरपी आजार आहे. दिवसा मी मोबाईल वाचते, सुई ओवते, पण संध्याकाळी घराबाहेर मला काहीच दिसत नाही, आणि दिवसा सुद्धा माणसांना धडकते. एसटीत सवलतीचं तिकीट मागितलं तर कंडक्टर म्हणाला मोबाईल बघतेस आणि आंधळी म्हणतेस, सगळी गाडी हसली. घरचे म्हणतात लग्न ठरेपर्यंत काठी हातात धरू नको. मी नाटक करते असं मलाच आता वाटायला लागलंय.

उत्तर : नाही गं बाई, तू नाटक नाही करत. ज्यांना कळत नाही त्यांनी आत्ता हे वाचता वाचता दोन्ही हातांच्या मुठी करून दुर्बिणीसारख्या डोळ्याला लावा आणि घरात चार पावलं चाला. मोबाईल वाचता येईल. उंबरा दिसणार नाही. आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याच्या ज्या पेशी अंधुक उजेडात आणि कडेचं बघतात त्या आधी मरतात, म्हणून आधी रातांधळेपणा आणि मग नजर नळीसारखी आवळत जाते. बरोबर समोरची सुई दिसते आणि बाजूने येणारा बैल दिसत नाही, दोन्ही एकाच माणसाला, एकाच वेळी.

कायद्याला सुद्धा हे माहिती आहे, कंडक्टरला नसेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीत फक्त तक्त्यावरची अक्षरं नाही मोजत, नजरेचा घेर पण मोजतात. चांगल्या डोळ्याचा घेर ४० अंशांच्या खाली आला की अल्पदृष्टी, १० च्या खाली गेला की अंधत्व, मग तक्त्यावरची शेवटची ओळ का वाचता येईना. म्हणून बोर्डाला जाताना फील्ड टेस्टचा म्हणजे पेरिमेट्रीचा रिपोर्ट घेऊनच जा, नाहीतर ते तक्ता वाचायला लावतात, तू वाचतेस, आणि परत पाठवतात. माझ्या एका विद्यार्थिनीला असं तीन वेळा परत पाठवलं होतं, चौथ्यांदा रिपोर्ट नेला तेव्हा पाच मिनिटांत काम झालं, तीन वर्षं मात्र गेली तिची. कार्ड आलं की एसटीत ७५ टक्के सवलत, आणि दिव्यांगत्व ६५ च्या वर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. कार्ड दाखवायचं आणि खिडकीबाहेर बघायचं, वाद घालायचा नाही, समजवायचंही नाही. तो तुझा विद्यार्थी नाही.

काठीचं. घडीची काठी पर्समध्ये मावते, दिवसा घडी, सांज झाली की उघड. पांढरी काठी तुला रस्ता दाखवते हे अर्धंच, ती समोरच्या मोटरसायकलवाल्याला तुझ्याबद्दल सांगते हे दुसरं अर्ध. लग्नाचं माझं मत स्पष्ट आहे, काठी लपवून ठरलेलं लग्न पहिल्या लाइट गेलेल्या रात्री उघडं पडतं आणि मग "फसवलं" हा शब्द जन्मभर ऐकावा लागतो. आधीच सांगा. आणि आरपी आनुवंशिक आहे, पण कोणत्या घरात कशी पुढे जाते ते वेगवेगळं असतं, त्यामुळे जनुकीय सल्ला घ्या, विशेषतः नात्यात, मामाच्या-आत्याच्या घरी बोलणी चालली असतील तर आधी.

तू शिकलेली दिसतेस म्हणून एक सांगते, डोळे बरे आहेत तोवरच स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकून ठेव. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, फुकट आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी सुरू केलं, मराठी वाचतं, आवाज जरा यंत्रासारखा आहे पण सवय होते. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का फक्त अंध आणि अल्पदृष्टी लोकांचा. त्या परीक्षेच्या जाहिराती वाचायला लाग, काठी लपवण्याच्या भानगडीपेक्षा ते बरं.

प्रश्न : सासूबाईंना वीस वर्षं शुगर आहे, पडद्यावर रक्त आलं, लेझर झाले, आता समोरचं धूसर दिसतं. स्वयंपाकघरात येऊ देत नाही आम्ही, भाजून घेतील म्हणून. त्या रडतात. (पारोळा)

उत्तर : येऊ द्या. तुम्ही भाकरी थापता तेव्हा डोळ्याने थापता का? कळण्याची भाकरी ज्यांनी चाळीस वर्षं केली त्यांच्या तळव्याला जाडी कळते. अवघड काय आहे ते वेगळं काढा, गॅस पेटवणं, गरम तेल, आणि डब्यातलं काय ते ओळखणं, एवढं तीनच. नियम करा, आधी भांडं शेगडीवर, मग गॅस, कधीच उलटं नाही. पदर खोचलेला. लांब चिमटा. शेगडीचं बटण मंद आचेवर जिथे येतं तिथे नेलपॉलिशचा जाडसर ठिपका द्या, वाळला की बोटाला लागतो. डब्यांना रबरबँड, तिखटाला एक, हळदीला दोन, मिठाला एकही नाही. आणि त्या डब्यांची जागा कोणी बदलली की त्याला त्या दिवशी जेवण नाही, हा नियम मी एका घरात खरंच लावला होता, नातवंडं सगळ्यात आधी शिकली.

धूसर दिसणाऱ्याला रंगाचा फरक लागतो. स्टीलच्या ताटात भात म्हणजे पांढऱ्यावर पांढरं, चमक वेगळी. गडद रंगाचं ताट घ्या, भात दिसेल. वांगं मात्र फिक्या पाटावर चिरायला द्या, भरिताचं असेल तर चिरायचंच नाही, भाजून सोलायचं, ते त्या तुमच्यापेक्षा चांगलं करतील. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पिवळी टेप. बल्ब डोळ्यासमोर नको, खांद्याच्या मागून उजेड हातावर पडायला हवा.

कोणीतरी तुम्हाला ब्रेल शिकवा असं सांगेल. शुगरवाल्यांच्या बोटांच्या टोकाची संवेदना बरेचदा कमी झालेली असते, सहा टिंबं जाणवत नाहीत आणि मग "मला हे पण जमत नाही" म्हणून जास्त खचतात. त्यांना ऐकायला द्या. साध्या अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की टॉकबॅक, म्हणजे फोनवरचं बोलून सांगणारी सोय, सुरू होतं (तसं झालं नाही तर सेटिंगमध्ये सुलभता शोधा), मराठी आवाज निवडता येतो. दोनदा टकटक केल्याशिवाय काही उघडत नाही, हे पहिल्या दिवशी सांगून ठेवा नाहीतर फोन बिघडला म्हणून दुकानात नेतील. आणि शुगर, शुगर, शुगर, उरलेला पडदा त्याच्यावरच आहे.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, जाड चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. आमच्या शहादा तालुक्यातल्या शाळेत सर म्हणतात याला शहरातल्या अंधशाळेत टाका. तो फार लहान आहे, मला सोडवत नाही. पण त्याचं नुकसान तर नाही ना होणार?

उत्तर : कायद्याने निवड तुमची आहे, सरांची नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याला हवं तिथे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अंधशाळा वाईट नसतात, मी चांगल्या पाहिल्यात, पूर्ण अंध मुलाला पहिली काही वर्षं तिथे ब्रेल आणि चालणं पक्कं होतं. पण तुमच्या मुलाला दिसतंय की. आधी लो व्हिजन तपासणी करा, साधी चष्म्याची नाही, भिंग आणि छोट्या दुर्बिणीची. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना नावाने भेटा, बालभारतीची मोठ्या अक्षरांची पुस्तकं त्यांच्यामार्फत मागा. वर्गात पहिला बाक, खिडकी पाठीमागे, पेन्सिलऐवजी काळं जाड स्केचपेन, आणि फळ्यावर लिहिताना सरांनी तोंडाने म्हणत लिहायचं, एवढंच. त्याने चाळीसच्या चाळीस मुलांचा फायदा होतो असं सरांना सांगा, त्यांना ते आवडेल.

आणि पुस्तक नाकाला लावून वाचतो म्हणून रागावू नका, जवळून वाचल्याने डोळे खराब होत नाहीत.

नजर पुढे कमी होत जाणारी आहे का ते मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तसं असेल तर ब्रेल आत्ताच, खेळ म्हणून. अंड्यांचा सहा खणांचा ट्रे कापून घ्या, दोन उभ्या रांगा तीन-तीनच्या, लिंबं ठेवा, वरचं डावं एकच लिंबू म्हणजे अ. मराठी, हिंदी, गुजराती सगळ्यांना एकच भारती ब्रेल आहे, १९५१ पासून.

थोडक्यात :

*एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला, प्रमाणपत्र मिळेल का?* मिळेल, पण ३० टक्क्यांचं. म्हणजे ४० ची अट असलेल्या सवलती नाहीत. अन्याय वाटतो, नियम तोच आहे.

*रेल्वेचं सवलतीचं कार्ड कुठे?* अजिबात दिसत नसेल तर स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत, सोबत्यालाही. जळगाव, चाळीसगाव, धुळेवाल्यांचं काम भुसावळ विभागाकडे. नंदुरबारवाल्यांनी भुसावळला चक्कर मारू नका, तुम्ही पश्चिम रेल्वेत येता, मुंबई सेंट्रल विभाग. अर्ज आता ऑनलाइन होतो.

*प्रशिक्षण जवळ कुठे?* नाशिकला नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) महाराष्ट्र युनिट आहे, आधी फोनवर चौकशी करून मगच गाडीत बसा.

*आमचं मंडळ गणपतीत शंभर काठ्या वाटणार आहे, कसं वाटतं?* एका शिबिरात मी हजर होते, सगळ्या काठ्या एकाच मापाच्या, आठ वर्षांच्या पोराच्या हातात त्याच्या डोक्याइतकी काठी, फोटो झाला, जेवण झालं, वापरायची कशी ते कोणी सांगितलं नाही. महिन्याने त्यातली एक काठी मला दोडक्याच्या वेलाला लावलेली दिसली. दहाच घ्या, माप घेऊन घ्या, आणि उरलेल्या पैशात चालणं शिकवणारा माणूस आठ दिवस गावात ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, अमळनेर. वेळ भरपूर आहे. दहावीच्या अंध मुलांचा लेखनिक होण्याची इच्छा आहे, नाव कुठे द्यावं?

उत्तर : सर, तुम्हाला होता येणार नाही! लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो, दहावीला नववीचा. तुमचं एम.ए. इथे आडवं आलं. पण तुमच्या जुन्या शाळेतून नववीची पाच-सहा मुलं निवडा, अक्षर सुवाच्य आणि तोंड बंद ठेवणारी, आणि जानेवारीपासून त्यांना परीक्षार्थीसोबत बसवून सराव घ्या. मजकूर सांगणं आणि लिहून घेणं ही दोघांचीही शिकायची गोष्ट आहे, ऐन पेपरला पहिली भेट झाली तर तासाला मिळणारी वीस मिनिटं जास्तीची एकमेकांना समजून घेण्यातच जातात. "कंसात", "नवीन ओळ", "अधोरेखित" हे शब्द आधी ठरवून घ्या.

आणि तुम्हाला स्वतः काही करायचंच असेल तर तुमच्या गल्लीत एखादे डोळे गेलेले म्हातारबाबा असतील, नक्की असतील, त्यांच्याकडे सकाळी पेपर घेऊन जा. अग्रलेखापासून सुरू करू नका. आधी निधनवार्ता, मग कापसाचे आणि केळीचे भाव, मग वेळ उरला तर बाकीचं.